बाबांचं वय झालंय, आईचं दुःख आहे, की डिप्रेशन?

नागपूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, बाकी हकीकत अशी.

ताई ४४ वर्षांच्या, मनीषनगरला राहतात, नोकरी करतात. वडील ७१ वर्षांचे, वीज मंडळातून रिटायर झालेले, प्रतापनगरच्या घरात एकटे राहतात. आई मागच्या दिवाळीच्या आधी गेली. तेरवी झाली, पेन्शनचे कागद झाले, बाबा तेव्हा रडायचे पण आईच्या वडा-भाताच्या गोष्टी सांगता सांगता हसायचेही. एप्रिलपासून मात्र बदलले. अंबाझरीला सकाळी फिरायला जाणं बंद, तिथल्या मित्रांचे फोन उचलत नाहीत, पेपर घडी न मोडता पडलेला असतो, जेवण अर्ध्यावर आलंय, पँट कमरेत ढिली झालीय, पहाटे तीनला उठून खुर्चीत बसून राहतात. गॅस दोनदा चालू राहिला. आयुष्यभर वीज मंडळात काम केलेल्या माणसाचं घरचं लाईट बिल भरायचं राहून गेलं. नातवाने दहावीचा निकाल आणून दाखवला तर मोबाईलकडे बघितलं आणि बाजूला ठेवला. काही विचारलं की "माहीत नाही", फार विचारलं की "माझं डोकं गेलं आता, तुमच्यावर नुसतं ओझं आहे मी". रडत मात्र नाहीत. शुगर आणि बीपीच्या गोळ्या खूप वर्षांपासून चालू आहेत. फॅमिली डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून बी-१२ ची इंजेक्शनं दिली आणि रात्रीसाठी झोपेची गोळी.

पुण्याचा भाऊ व्हिडिओ बघून म्हणतो अल्झायमर आहे, या दिवाळीआधी बाबांना पुण्याला घेऊन जातो. ताईंचे मिस्टर म्हणतात दुःख आहे, वेळ द्या. शेजारच्या काकू म्हणतात वय आहे. ताई विचारतात, "मी ऑनलाइन फॉर्म बाबांच्या वतीने भरला, १७ मार्क आले, म्हणजे डिप्रेशनच ना हे? पण सायकियाट्रिस्टचं नाव काढलं की बाबा म्हणतात, मी काय येडा झालो का, काऊन मागे लागून राहिली तू. शुगरच्या चेकअपला जातोय असं सांगून नेलं तर चालेल का? आणि पुण्याला पाठवू की नको?"

ताई,

बाबांना जे झालंय त्याला तुमच्या घरी चार जणांनी चार नावं देऊन ठेवलीयेत. चौघांनाही त्यांची काळजी आहे हे पत्रात जागोजागी दिसतं. पण एप्रिलपासून आत्तापर्यंत सगळा जोर कोणाचं बरोबर यातच गेला आणि बाबांना अर्धा-पाऊण तास समोर बसवून नीट तपासलंय असं अजून कोणीच नाही. तुम्ही मला विचारता डिप्रेशनच ना, तर मला वाटतं हा प्रश्नच आधी जरा सैल करूया. नाव पक्कं करून मग डॉक्टरकडे जायचं नसतं, नाव शोधणं हे त्यांचं काम. आणि चारपैकी एकच खरं आणि बाकीचे तीन चूक असं तर अजिबातच नसतं, सत्तरीनंतर बहुतेक वेळा दोन-तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात, थायरॉइड पण असतो आणि डिप्रेशन पण असतं, एक सापडलं म्हणून दुसरं शोधायचं थांबवलं की माणूस अर्धवट बरा होतो.

मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, आणि पत्रावरून निदान कोणीच करू नये. पण तुमच्या पत्रात अशा काही गोष्टी आहेत ज्या डॉक्टरांच्या कानावर गेल्याच पाहिजेत, आणि काही गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत पण बघायला हव्यात.

मिस्टरांचं म्हणणं आधी घेते, कारण ते सगळ्यात समजूतदार वाटतं आणि म्हणूनच त्यात सगळ्यात जास्त वेळ जातो. बायको गेली, माणूस खचणारच, यात आजार कुठून आला असं आपल्याला वाटतं. म्हणजे दुःखाला कारण आहे तर ते डिप्रेशन नाही, असा हिशोब आपण करतो. हा हिशोब चुकतो. कारण असलं तरी डिप्रेशन होतं, उलट जोडीदार जाणं हे उतारवयातल्या डिप्रेशनचं एक मोठं कारणच आहे. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ निदानासाठी जे डीएसएम नावाचं पुस्तक वापरतात त्यात पूर्वी असं होतं की जवळचं माणूस गेल्यावर पहिले दोन महिने शक्यतो डिप्रेशन म्हणू नका, २०१३ च्या आवृत्तीत तो नियम काढून टाकला, कारण दुःख आहे म्हणून उपचार थांबवावेत असं काही नाही.

मग फरक कसा ओळखायचा, तर तो तुम्हीच लिहून पाठवलाय ताई, तुमच्या लक्षात आला नसेल. आई गेल्यानंतरचे पहिले महिने बाबा रडायचे आणि वडा-भाताची गोष्ट सांगताना हसायचे. दुःख असंच असतं, ते लाटेसारखं येतं, आठवण निघाली की भरून येतं, मग ओसरतं, मधे माणूस चहा पितो, नातवाशी बोलतो, आणि मुख्य म्हणजे स्वतःबद्दलचं मत तसंच राहतं, त्याला बायको हवी असते पण तो स्वतःला निकामी समजत नाही. एप्रिलनंतरचे बाबा वेगळे आहेत. रडणं गेलं, हसणंही गेलं, निकाल बघून चेहऱ्यावर काही हललं नाही, आणि "मी ओझं आहे" हे वाक्य आलं. दुःख हळूहळू कमी व्हायच्या ऐवजी मधेच त्याची जात बदलली, हे डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. रडत नाहीत म्हणून डिप्रेशन नसेल हे मनातून काढून टाका, वयस्कर माणसं, त्यातही पुरुष, बरेचदा उदास वाटतं असं म्हणतच नाहीत, ते म्हणतात गॅस झालाय, अंगात जोर नाही, झोप नाही.

आणि एक प्रकार असतो जिथे दुःखच लांबतं, गेलेल्या माणसाची ओढ इतकी तीव्र राहते की रोजचं जगणं अडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याला आता स्वतंत्र जागा आहे, सहा महिन्यांनंतरही तसंच चालू असेल तर. त्यात गोळीपेक्षा बोलण्याच्या उपचारांचा उपयोग जास्त होतो. बाबांमध्ये मला ओढीपेक्षा रिकामेपण जास्त दिसतंय, पण हे समोर बसून विचारल्याशिवाय कळणार नाही.

आता भावाचं अल्झायमर. त्याला भीती वाटणं साहजिक आहे, गॅस चालू राहिला म्हटल्यावर कोणीही घाबरेल. पण डिप्रेशनमध्ये विसरणं असतंच, म्हाताऱ्या माणसात तर इतकं असतं की अनुभवी डॉक्टरसुद्धा घाई करत नाहीत. मन एका जागी लागतच नाही त्यामुळे गोष्ट आत नोंदलीच जात नाही, मग आठवणार काय.

काही खुणा आहेत, एकेक सुटी घेतली तर फसवते, सगळ्या मिळून बघायच्या. पहिली, कधीपासून. डिप्रेशनची सुरुवात घरचे लोक महिना सांगून सांगू शकतात, तुम्ही एप्रिल म्हणालात. अल्झायमर इतका हळू येतो की विचारलं तर घरचे म्हणतात दोन वर्षं असतील, नाही तीन. दुसरी, तक्रार कोणाची. बाबा स्वतः म्हणतात माझं डोकं गेलं. डिमेन्शियात, म्हणजे मेंदू झिजून विसरणं वाढत जातं अशा आजारांत (अल्झायमर त्यातलाच), पुष्कळदा उलटं असतं, घरचे काळजीने अर्धे झालेले असतात आणि माणूस म्हणतो मला कुठे काय झालंय, विसरलेलं झाकायला काहीतरी जुळवून सांगतो, तारीख विचारली तर म्हणेल आज पेपर नाही पाहिला. तिसरी, उत्तर कसं देतात. "माहीत नाही" म्हणून सोडून देणं हे डिप्रेशनमध्ये जास्त दिसतं, डिमेन्शियात माणूस प्रयत्न करतो आणि चुकीचं उत्तर देतो. चौथी, आठवण करून दिली तर. काल घरी कोण आलं होतं हे सांगता नाही आलं, पण तुम्ही म्हटलं अंबाझरीवाले काका आले होते ना, आणि बाबा म्हणाले हो हो, संत्राबर्फी घेऊन आला होता, तर गोष्ट आत आहे, काढायला त्रास होतोय. आठवण देऊनही कोरंच राहिलं तर ते जास्त काळजीचं.

पण इथे एक गोष्ट मी मुद्दाम विचारणार, कारण ती घरोघरी निसटते. आई असताना घर कोण चालवत होतं? बिलं, गोळ्यांचा डबा, कोणाकडे लग्न, किराणा, हे सगळं आईच्या डोक्यात असेल तर बाबांचं विसरणं दोन-तीन वर्षांपासून असूनही कोणाला दिसलं नसेल, आई भरून काढत असेल, आणि ती गेल्यावर ते उघडं पडलं असेल. मग घरच्यांना वाटतं आई गेल्यामुळे झालं. म्हणून आठवून बघा, आई कधी म्हणाली होती का की हे तेच तेच दोनदा विचारतात, किंवा खामल्याच्या रोजच्या बाजारातून येताना रस्ता चुकले, पैशांचा हिशोब चुकायला लागला. अंबाझरीच्या मित्रांना एकदा विचारा, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असू शकतं.

आणखी एक फरक फार उपयोगाचा आहे. काही माणसांचा रस जातो पण त्यांना त्याचं वाईटही वाटत नाही, बसवलं तिथे बसतात, विचारलं तर म्हणतात बरा आहे. डिमेन्शियात हे दिसतं आणि पार्किन्सन्समध्येही. पार्किन्सन्स म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर हात थरथरणं येतं, पण कित्येकदा आधी चेहरा गोठल्यासारखा होतो, आवाज बारीक होतो, सही छोटी होत जाते, चालताना एक हात हलत नाही. पेन्शनच्या कागदांवरच्या सह्या जुन्या सह्यांशेजारी ठेवून बघा. बाबांना मात्र त्रास होतोय, अपराधी वाटतंय, ओझं वाटतंय, पहाटे जाग येते, आणि हे सगळं डिप्रेशनच्या बाजूने जास्त झुकतं.

आता शरीर. फॅमिली डॉक्टरांना मी वाईट म्हणत नाही, शुगर-बीपीच्या माणसाला बी-१२ कमी असेल हा अंदाज योग्यच आहे, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं, त्यात माणूस शाकाहारी असेल तर आणखीच, आणि त्याने थकवा, विसरणं, उदासपणा, पायाला मुंग्या सगळं होतं. पण इंजेक्शनच्या आधी रक्त तपासलं होतं का हे विचारा, कारण इंजेक्शन घेतल्यावर रिपोर्टमध्ये आकडा भरपूर येतो आणि आधी कमी होतं की नव्हतं हे मग कळत नाही. ज्यांच्या घरी इंजेक्शन अजून सुरू झालं नाही त्यांनी आधी तपासणी करा मग टोचा.

थायरॉइड तर हवाच. थायरॉइड कमी झाला की माणूस मंद होतो, अंग जड, आवाज घोगरा, बद्धकोष्ठ, थंडी वाजते, नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद करा म्हणणारा माणूस घरात असेल तर त्याचा टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, आधी बघा. बाबांचं वजन मात्र उतरलंय, आणि म्हाताऱ्या माणसात जास्तीचा थायरॉइडसुद्धा कधी कधी धडधड-घाम न दाखवता असाच गप्प, खंगलेला चेहरा घेऊन येतो, म्हणून वजन उतरलंय हे डॉक्टरांना ठासून सांगा. उतरत्या वजनाची वेगळी कारणंही त्यांना बघायची असतात, शुगर सुटली असेल, टीबी असेल, अजून काही असेल, डिप्रेशन म्हणून ते सोडून द्यायचं नाही. केसांसाठी वगैरे बायोटिन असलेली गोळी चालू असेल तर लॅबवाल्यांना सांगा, काही मशीनवर थायरॉइडचा आकडा त्याने चुकतो.

सोडियम. हे मी नागपूरकरांना जास्तच सांगते. बीपीच्या काही गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध असतं, त्याने रक्तातलं सोडियम उतरतं, त्यात पंचेचाळीस डिग्रीचा उन्हाळा, घाम, आणि म्हाताऱ्या माणसाला तहान लागल्याचं कळतच नाही. सोडियम साधारण १३५ ते १४५ मध्ये असावं, खाली गेलं की माणूस सुस्त, गोंधळलेला, तोल जाणारा होतो. बाबांचं एप्रिलपासून सुरू झालंय हे मला म्हणून नजरेआड करता येत नाही. आणि डिप्रेशनच्या काही गोळ्याही वयस्कर लोकांत सोडियम उतरवतात, म्हणजे सुरू करायच्या आधी आकडा माहीत असणं दोन्हीकडून कामाचं.

झोपेची गोळी कोणती आहे ते वाचा. अल्प्राझोलामसारखी असेल तर त्याने झोप लागते पण दुसऱ्या दिवशी डोकं जड, विसरणं वाढतं, रात्री पडायची भीती. मात्र रोजची सवय झाली असेल तर तुमच्या मनाने एकदम बंद करू नका, ती डॉक्टरच हळूहळू उतरवतील. सर्दीच्या, खाजेच्या, लघवीच्या काही गोळ्याही म्हाताऱ्या मेंदूला सुस्त करतात. म्हणून जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, काढे, चूर्णं एका पिशवीत भरून न्या, यादी नको, पाकिटंच न्या.

मधल्या काळात बाबा कुठे पडले होते का, डोक्याला लागलं होतं का, तेव्हा काही वाटलं नसेल तरीही सांगा, म्हाताऱ्या माणसात डोक्याच्या आत हळूहळू रक्त साचून काही आठवड्यांनी गुंगी, डोकेदुखी, गोंधळ दिसतो, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्तच. कानाने कमी ऐकू येतं का तेही बघा, ऐकू न येणारा माणूस "माहीत नाही" म्हणतो आणि गप्प होतो, आणि घरचे त्याला विसराळू ठरवून मोकळे होतात.

आणि समजा एखाद्या दिवशी बाबा अचानक, एक-दोन दिवसांतच, फार गुंगीत गेले, बोलणं भरकटलं, सकाळी ठीक आणि दुपारी ओळखेनात असं झालं, तर ते डिप्रेशन नाही आणि अल्झायमरही नाही, ते बहुतेक इन्फेक्शन, सोडियम, शुगर असं काहीतरी असतं, त्याच दिवशी हॉस्पिटल.

तुमच्या फॉर्मकडे येते. १७ मार्क आले म्हणजे तो बहुधा पीएचक्यू-९ असेल, नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, एकूण २७ मार्क, १० किंवा त्याच्या पुढे गेलं की नीट तपासा म्हणतात. चांगला फॉर्म आहे, डॉक्टरही वापरतात. पण त्यातले प्रश्न बघा, झोप, थकवा, भूक, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं, हे पाच प्रश्न थायरॉइडवालाही हो म्हणेल, बी-१२ वालाही आणि पार्किन्सन्सवालाही. थर्मामीटर ताप आहे एवढं सांगतो, मलेरिया की टायफॉइड ते सांगत नाही, तसं आहे हे. उरलेले चार प्रश्न, मन उदास, रस न वाटणं, स्वतःला नालायक समजणं, मरणाचे विचार, यांची उत्तरं बाबांच्या आत आहेत, तुम्ही त्यांच्या वतीने कशी भरणार? वयस्कर लोकांसाठी वेगळी पंधरा हो-नाही प्रश्नांची यादी असते, ती त्यांनाच विचारतात, ती डॉक्टरांकडे होऊ द्या.

हे सगळं वाचून उद्याच सगळ्या टेस्ट करून आणायच्या आणि नॉर्मल आल्या तर बाबांना म्हणायचं बघा काही नाहीये तुम्हाला, असं कृपा करून करू नका. मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे थायरॉइड नाही, बी-१२ नाही, एवढंच. डिप्रेशन रक्तात दिसत नाही. ज्या माणसाला आधीच वाटतं की मी ओझं आहे त्याला काही नाहीये तुम्हाला म्हटलं की तो तोंड बंद करतो. आणि रिपोर्टमध्ये काही सापडलं तरी, टीएसएच वाढलेला, म्हणजे थायरॉइड कमी निघाला तरी, मन बघायचं थांबवायचं नाही, थायरॉइडची गोळी सुरू करून सहा-आठ आठवड्यांनी परत टीएसएच बघतात, तोवर मनाकडे दुर्लक्ष करायचं का?

आता न्यायचं कसं. खोटं सांगून नेऊ नका ताई. डॉक्टर आत गेल्यावर पहिला प्रश्न विचारणार काय त्रास होतो, तिथे बाबांना कळणारच, आणि उपचार काही महिने चालतात, पुन्हा पुन्हा जावं लागतं, पहिल्याच दिवशी विश्वास गेला तर दुसऱ्यांदा ते गाडीत बसणार नाहीत. खोट्याची गरजही नाहीये. बाबांना मन दुखतंय हे कबूल नाही पण झोप नाही, डोकं चालत नाही हे ते स्वतःच म्हणतात. तिथूनच धरा. "बाबा, तुमची झोप गेली, वजन उतरलं, तुम्हीच म्हणता डोकं चालत नाही. मला भीती वाटून राहिली. एकदा दाखवू, माझ्यासाठी चला." आधी एखाद्या चांगल्या फिजिशियनकडे जा, रक्त-लघवी होऊ द्या, आणि त्यांनीच पुढे सायकियाट्रिस्टकडे पाठवलं की म्हाताऱ्या माणसाला पटतं, डॉक्टरने डॉक्टरकडे पाठवलं असं होतं. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी हॉस्पिटलांत आणि मिहानच्या एम्समध्ये मनोविकाराची ओपीडी इतर विभागांसारखीच असते, तिथे बाकीचे विभागही त्याच आवारात मिळतात. बाबांच्या डोक्यात मनोरुग्णालय असेल, तिथे जायची गरज आहे असं त्यांना वाटत असेल, तर आधी तेवढं स्पष्ट करा.

जाताना एका कागदावर लिहून न्या, काय, कधीपासून, एप्रिलच्या आधी कसे होते. आणि डॉक्टरांना पाच मिनिटं बाबांशी एकट्याने बोलू द्या. मुलीसमोर ते सांगणार नाहीत.

एक गोष्ट तुम्ही स्वतः विचारायची आहे आणि ती आजच, अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. म्हातारी माणसं "आता बोलावणं यावं" म्हणतात, ते सगळंच भीतीचं नसतं. पण ओझं आहे मी म्हणणारा, न जेवणारा, एकटा राहणारा माणूस असेल तर सरळ विचारायचं, बाबा, जगू नये असं वाटतं का, स्वतःला काही करून घ्यावं असं येतं का मनात. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बरेच जण सुटल्यासारखे बोलतात. हो म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका, घरातल्या जास्तीच्या गोळ्या, बागेचं फवारणीचं औषध काही असेल तर ते हलवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रात्र असेल तर कॅज्युअल्टी. खाणंपिणं पूर्णच बंद झालं तरी तेच. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात, आणि तो फक्त आजारी माणसासाठी नाही, तुम्ही लेक म्हणून रात्री अकराला काय करू असं विचारायलाही लावू शकता. ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे.

डिप्रेशन निघालं तर ऐका, या वयातही ते बरं होतं. गोळी कमी डोसने सुरू करतात आणि हळू वाढवतात, फरक पडायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी जास्त, त्यामुळे दहाव्या दिवशी काही फरक नाही म्हणून बंद करू नका, आणि बरं वाटल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवा. सोबत दिवसाला थोडा आकार लागतो. पण "जरा मन रमवा बाबा" हे त्यांना जमणार नाही, ते जमत नाही हाच तर आजार आहे. अंबाझरीच्या एका काकांना सांगा, फोन करू नका, सकाळी सरळ गेटवर येऊन उभे राहा, दहा मिनिटं चाललं तरी पुरे.

मन सुधारल्यावर, साधारण सहा महिन्यांनी, स्मरणशक्तीची चाचणी पुन्हा करून घ्या, बाबा ठणठणीत दिसले तरी. उतारवयात पहिल्यांदाच आलेलं डिप्रेशन काही जणांत पुढे येणाऱ्या डिमेन्शियाची सुरुवातही असतं. भाऊ अगदीच चूक असेल असं मी म्हणत नाहीये, आज ठरवता येत नाही एवढंच.

ज्यांच्या घरी म्हातारं माणूस नाही पण स्वतःलाच असं वाटतंय असे वाचकही पत्रं पाठवतात, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. तरुण बाईला थकवा, उदासी असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघाच, बाळंतपणानंतरचं रडू दोन आठवड्यांत थांबत नसेल तर दाखवा. आणि आयुष्यात कधी असे दिवस येऊन गेले असतील की झोप दोन-तीन तास पण थकवा नाही, डोक्यात शंभर कल्पना, बोलणं थांबेना, पैसा पाण्यासारखा गेला, तर हे डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारायचे राहिले तरी, कारण मग तो बायपोलर नावाचा आजार असू शकतो आणि त्यात नुसती डिप्रेशनची गोळी उलटी पडू शकते.

राहिलं पुणं. आत्ता नको. गोंधळलेल्या माणसाला नवीन घर, नवीन बाथरूम, नवीन रस्ते दिले की गोंधळ वाढतो, आणि डिप्रेशन असेल तर आईचं घर आणि अंबाझरीचे मित्र दोन्ही एकदम सुटतील. घर विकणं, शिफ्ट होणं असले निर्णय उपचार सुरू होऊन मन जरा वर आल्यावर बाबांना विचारून घ्या, तो निर्णय त्यांचाही आहे. पण प्रतापनगरला रात्री ते एकटे नकोत, तुम्ही आलटून पालटून जा किंवा कोणी ओळखीचं ठेवा, गॅस आपोआप बंद होणारा बसवा किंवा सध्या डबा लावा.

भावाला म्हणा बाबांचं पुण्याचं तिकीट राहू दे, स्वतःचं नागपूरचं काढ, आणि अपॉइंटमेंटच्या दिवशी दोघं मिळून बाबांना घेऊन जा. एप्रिलपासूनचं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय, आणि बाबा फोनवर तेच तेच दोनदा विचारतात का, कधीपासून विचारतात, हे त्याला तुमच्यापेक्षा नीट माहीत असेल.